उलट्या पंख्याचा हिवाळा

आमच्या घरी थंडी कॅलेंडर पाहून येत नाही. दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या, फराळाचे डबे रिकामे करून उन्हात पालथे घातले, कॉलनीपलीकडच्या वावरातली तूर पिवळ्या फुलोऱ्यावर आली, की एखाद्या सकाळी मी स्वयंपाकघरात पाय ठेवते आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅन बटण न दाबताच फिरताना दिसतो. सावकाश, एकेक पातं मोजून घ्यावं इतक्या सावकाश. बाहेरून घाटाचा वारा त्याला ढकलत असतो. मग मी पदर मानेभोवती गुंडाळते, गॅस पेटवते आणि माझ्या नणंदेला मनातल्या मनात एक शिवी घालते. तेव्हा आमच्याकडे हिवाळा सुरू झाला असं समजायचं.

लोकांना थंडी पडली की हुरडा आठवतो, रोडग्यांच्या पंगती आठवतात, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा आठवतो. मलाही आठवतो, मी काही दगड नाही. पण त्या सगळ्यांच्या आधी मला माझा डूख आठवतो. मी डूख धरणारी बाई आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. आमचे हे म्हणतात, "शोभा, इतक्या वर्साच्या गोष्टी तुह्या डोक्यात मावतात तरी कशा वं?" मावतात. मीठ लावून, तेल ओतून, बरणीला दादरा बांधून ठेवलं की काहीही टिकतं.

बुलडाणा घाटावर. घाटाखालचे लोक उन्हाळ्यात इथं आले की कौतुकानं म्हणतात, तुमच्याकडं काय हवा आहे हो! आहे ना, हवा आहे. कौतुक करणाऱ्यांनी एकदा पौषातल्या सकाळी माझ्या ओट्यापाशी उभं राहून भाकरी थापून दाखवाव्यात. आमची लाइन कॉलनीतली शेवटची. पलीकडे वावर, वावरापलीकडे दरी. मोताळ्याकडून निघालेला वारा राजूरचा घाट चढून वर येतो आणि त्याला अडवणारी पहिली वस्तू म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत. त्या भिंतीत ताटाएवढं गोल भोक, भोकात पंखा. त्यातून येणारा वारा खोलीभर पसरत नाही. तो नेमका माझ्या मानेवर येतो, अंबाडा संपतो त्या जागेवर. गॅसची ज्योत एका अंगाला कलते, भाकर एकीकडं करपते आणि दुसरीकडं कच्ची राहते. पिठात कढत पाणी ओतावं तर मळेपर्यंत ते निवतं, आणि निवलेल्या पिठाची भाकर थापता थापता चिरते. दही विरजत नाही. तूप चमच्याला दाद देत नाही.

तुम्ही म्हणाल, एक्झॉस्ट फॅन घरोघरी असतो, त्यात काय एवढं? असतो. पण लोकांचा पंखा घरातला धूर बाहेर फेकतो. आमचा बाहेरची हवा आत फेकतो. आमचा पंखा उलटा बसवलेला आहे. चुकून नाही हं, मुद्दाम. मुहूर्त पाहून, पंख्याला हळद-कुंकू वाहून.

हे काम आक्काचं. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, मोताळ्याला दिलेली. सासूबाई मी पाहिल्याच नाहीत. हे लहान असतानाच त्या गेल्या, आणि आक्कानं ह्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आजारपणं काढली, त्यापायी स्वतःचं लग्नही लांबवलं. हे सगळं खरं आहे. मी ते कधी नाकारलं नाही. पण त्यामुळं आमच्या घरात आक्काचा शब्द म्हणजे देवाचा कौल. हे ऑफिसात साहेबाशी दोन शब्द बोलतील, आक्कापुढं तोंड उघडणार नाहीत.

प्लॉटवर घर बांधलं, वास्तुशांत झाली, इलेक्ट्रिशियननं सगळ्या जगात बसवतात तसा पंखा बसवून दिला. काही दिवस धूर गुमान बाहेर जात होता. मग वैशाखातल्या एका सकाळी आक्का मोताळ्याहून एका वास्तुवाल्याला घेऊन आली. पांढरा सफारी, खिशात होकायंत्र. त्यानं ते यंत्र माझ्या ओट्यावर, कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवलं, वाकून पाहिलं आणि "अरारारा" म्हणाला.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"ताई, हे कुबेराची दिशा. अन् इथून तुम्ही दिवसभर हवा भाईर फेकून राह्यले. लक्ष्मी फेकून राह्यले तुम्ही, लक्ष्मी!"

आक्कानं छातीला हात लावला. "पाह्य दिनू! तरीच तुह्या पगारात बरकत नाही."

मी म्हटलं, "पंखा आत्ता लागला, आक्का. बरकत तं त्याच्या आधीपासून नाही." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मंग काढून टाकू पंखा, अन् भोक बुजवू," मी म्हटलं.

"असं नाही चालत, वहिनी," वास्तुवाला म्हणाला. "वाट एकदा उघडली का बुजवाव नाही. लक्ष्मी भिंतीले डोकं आपटून वापस जाते. पंखा उलटा करा. तिले आत वढा."

इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. त्यानं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग आक्काच्या, आणि स्टुलावर चढून भिंतीकडं तोंड करून हसून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. खाली उतरून म्हणाला, "भाभी, याच्या बाहेरच्या पट्ट्या बाहेरच उघडतात. आत हवा घ्यायची तं त्या काढाच लागतीन." काढल्या. म्हणजे पंखा बंद असला तरी भोक उघडंच. आक्कानं नेम घालून दिला की सकाळी पारोशानं नाही, आंघोळ करून पंखा लावायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला लावायचा. मी त्या दिवशी शेजारणीला हा प्रकार सांगून पोट धरून हसले होते. वैशाख होता, सकाळचं वारं गोड लागत होतं. फोडणीचा खाट, तो नाकात झोंबणारा धूर, मात्र सगळा बैठकीत जायचा, हे पेपर वाचता वाचता शिंकायचे आणि आक्का म्हणायची, भरल्या घरात वास आलाच पाहिजे.

त्याच वर्षी, दसऱ्यानंतर, माझी माय आमच्याकडं आली.

माय मेहकरकडच्या बीबी गावची. मी तिची एकुलती एक. वडील गेल्यापासून ती गावात एकटीच राहायची आणि तिला दमा होता. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणाऱ्यांपैकी ती. नातू झाल्यावर पाणी प्यायली, पण मुक्काम म्हटलं की दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला. तो पावसाळा तिला फार जड गेला. मी जाऊन पाहिलं तर बसल्या जागी धाप लागत होती, चूल पेटवायला वाकता येत नव्हतं. मी रडले, भांडले, शपथा घातल्या. शेवटी तयार झाली, पण तिच्या अटीवर.

"जावयाच्या घरात मी खोली अडवणार न्हाई. चुलीपाशी पडून राहीन. आन् बसून खाणार न्हाई, भाकरी मी करीन."

चुलीपाशी. तिच्या घरी चुलीतली राख पहाटेपर्यंत कोमट असायची, मांजर तिच्यात अंग घालून निजायचं. तिला वाटलं स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यात उबदार जागा. ओट्याखालच्या फरशीवर तिनं आपलं अंथरूण घातलं, डोकं भिंतीकडं करून. त्या भिंतीत ते भोक.

मायच्या त्या दिवसांतलं मला काय काय आठवतं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून ती छातीला लावायची, त्या वासानं सकाळ सुरू व्हायची. दुपारी मागच्या ओसरीत उन्हाकडं पाठ करून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसायची, सोले परातीत टपटप पडायचे, आणि ती मला बीबीच्या बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायची, कोण कुणाला काय म्हणालं ते आवाज बदलून. बाहेर बंबात पऱ्हाटीच्या काड्या जळत असायच्या. तिची भाकर अशी पातळ की पोरं मागून मागून खायची. त्या थोड्या आठवड्यांत माझ्या घराला घरपण आलं होतं. मला वाटलं होतं, आता ही राहील. एवढंच हवं होतं मला आयुष्याकडून, आई माझ्याजवळ राहावी. काही फार मागत होते का मी?

मग एका सकाळी पंखा बटण न दाबता फिरायला लागला.

माय खोकायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. मी विचारायची, "माय, थंडी वाजते का तुला इथं?" ती म्हणायची, "न्हाई बाई. वारं कसं मोकळं येतंय." ओठ निळसर पडलेले असायचे आणि वारं मोकळं येतंय! जावयाच्या घरात तक्रार करायची नाही, मेलं तरी करायची नाही, हे तिच्या हाडात होतं. मी तिची गादी उचलून बैठकीत नेली, ती तिनं ओढत परत आणली. ओढताना तिला धाप लागली म्हणून मी पुन्हा नेली नाही.

आक्का दिवाळीपासून आमच्याकडंच होती. वास्तूचं पहिलं वर्ष जपावं लागते म्हणे. दक्षिणेची खोली तिची, दोन्ही दारं लावून, वर दुलई घेऊन निजायची. मी पंख्याच्या भोकात जुनं लुगडं कोंबलं. सकाळी उठून पाहते तर आक्का स्टुलावर, हातात ते लुगडं.

"लक्ष्मीच्या तोंडात बोळा घालतं काय वं तू?"

"आक्का, मायले दमा आहे. वारं थेट तिच्या डोक्यावर येते."

"मंग तिनं डोकं तिकडं करावं. घर तिच्यासाठी बांधलं का दिनूसाठी?"

मी ह्यांच्याकडं गेले. हे बैठकीत उन्हाच्या चौकोनात खुर्ची टाकून चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला, वर उचलला आणि म्हणाले, "आक्का म्हणते तं राहू दे ना शोभा. एक हिवाळा तं आहे."

एक हिवाळा. तो शब्द मी ऐकला आणि बरणीत घातला. त्यानंतर मी पुठ्ठा लावला, तो निघाला. पोतं लावलं, तेही निघालं. मी लावायचं, आक्कानं काढायचं. माय आम्हा दोघींकडं पाहून तिसरीकडं तोंड करायची. तिच्यामुळं घरात वाद होतोय, हे तिला थंडीपेक्षा जास्त बोचत होतं.

आणि मग ती दिवेलागण. पंखा चालू, हे आणि आक्का पाटावर जेवायला बसलेले, माय तव्यावरची भाकर हातावर घेऊन वाढायला वळलेली. आक्कानं आवाज खाली करायची तसदी घेतली नाही.

"दिनू, ते बुढी सारा दिवस खोकलते. घरात लेकरं आहेत. अन् भाकरी आपण तिच्याच हातच्या खाऊन राह्यलो."

ह्यांनी घास तोंडात घातला. मायनं ती भाकर ताटात ठेवली, नीट, मध्ये मोडून. मग मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत. मी किंचाळले, काय काय बोलले ते मला आठवत नाही, शेजारणीच्या घरातला टीव्ही बंद झाला एवढं आठवतं. माय मात्र शांत होती. सकाळी तिची पिशवी भरलेली होती.

बुलडाण्याचा एसटी स्टँड, सकाळची वेळ, उसाच्या रसाचं दुकान बंद आणि चहाच्या टपरीवर झुंबड. मेहकरच्या गाडीत मी तिला खिडकीपाशी बसवलं. काच नीट बंद होत नव्हती म्हणून मी तिच्या फटीत माझा रुमाल खोचला. ती म्हणाली, "थंडी सरू दे, मग येते. तू वाद घालू नको. जावईबापू चांगले आहेत." चांगले आहेत! एसटी हलली तरी मी बाहेरून त्या खिडकीच्या बाजूनं चालत होते. कंडक्टर ओरडला तेव्हा थांबले.

मी रडत बसणारी नाही. संक्रांत तोंडावर होती. आक्कानं ठरवलं की भावाच्या नव्या घरात हळदीकुंकू मोठं करायचं, मोताळ्याच्या चार जणीही बोलवायच्या, घर दिसलं पाहिजे. मी म्हटलं, करू ना आक्का, अगदी झोकात करू. बैठकीत सतरंज्या घातल्या, वर चादरी. बाया आल्या, ठेवणीतल्या काळ्या साड्या, गजरे, पावडरी. आक्का मधोमध बसून वाण वाटायला लागली. दिवेलागण झाली. मी आत गेले, मोठ्या कढईत तेल तापवलं, धूर निघेपर्यंत तापवलं, आणि ओंजळभर वाळलेली लवंगी मिरची त्यात सोडली. वरून ठेचलेला लसूण. मग पदर नाकाला बांधला, पंखा फुल केला आणि मधलं दार सताड उघडलं.

आधी एक शिंक आली. मग दोन. मग कुणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि खोकल्याची अशी एक लाट उठली की काय सांगू! तिळगूळ तोंडात घेतलेल्या बाया "गोड बोला" म्हणता म्हणता अर्ध्यात अडकल्या. डोळ्यांतलं काजळ गालावर, नाकं लाल, एकीचा गजरा दुसरीच्या बांगडीत गुंतलेला. हळदीचे करंडे लवंडले. आक्का शालूचा पदर तोंडावर दाबून दारात आली.

"शोभे! बंद कर थो पंखा!"

"कसा करू आक्का?" मी म्हटलं. "दिवेलागण झाली. लक्ष्मी आत येऊन राह्यली."

त्या संध्याकाळी मी जेवढी पोटभर जेवले तेवढी पुन्हा कधी जेवले नाही. आक्का दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घाट उतरली. तिची गाडी वळणावर गेली असेल नसेल तोच मी भोकात पोतं ठासून भरलं, वर फळी ठोकली आणि मायला फोन लावला. बंद केलं बरं का माय, तू ये, मी घ्यायला येते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "आता कशाला बाई, ऊन तापायलंय. बघू." माघ संपायच्या आत ती गेली. बीबीच्या तिच्या घरात, चुलीपाशी, एकटी.

पंख्यानं मारलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दमा होता, वय होतं, छातीत कफ साचला होता. असेल. डॉक्टरांना त्यांचं काम कळतं. पण मी डॉक्टर नाही, लेक आहे, आणि मला विचाराल तर मी अजूनही तेच सांगेन. तेराव्याला आक्का आली होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वय झालं होतं बाई तिचं." मी तो हात खाली काढला. घरी आले, फळी उचकटली, पोतं ओढून काढलं आणि भोक पुन्हा उघडं करून टाकलं.

हे मी का केलं ते कुणालाच कळलं नाही, ह्यांना तर नाहीच. पुढं पगार वाढला, शेजाऱ्यांच्या ओट्यांवर धूर ओढणाऱ्या चिमण्या आल्या, सरकत्या काचा आल्या. ह्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, एका दिवाळीला नवा पंखा घेऊन आले, पट्ट्यांचा, सुलटा. "चाल, बसवून टाकू," म्हणाले. मी म्हटलं, परत करून या. "काऊन?" म्हणाले. मी म्हटलं, सवय झाली मला. सवय कसली होते? दर हिवाळ्यात माझी मान धरते, डाव्या कानात दडे बसतात, बोटांना भेगा पडतात. पण ते भोक मी जपलं. कुणी सोनं जपतं, कुणी जुनी पैठणी जपतं. मला माहीत होतं, बाईच्या जातीला म्हातारपणी कुठं ना कुठं अंथरूण मागावं लागतं, आणि मी वाट पाहू शकते.

यंदा दिवाळीनंतर आक्का आली. तिचे यजमान गेले, एक पोरगा पुण्याला, एक सुरतेला, दोघांच्या फ्लॅटात जागा नाही. मोताळ्याचं घर विकलं त्यांनी. दारात उभी राहिली तेव्हा मी क्षणभर ओळखलं नाही, इतकी आटली होती. हातात एक सुटकेस, एक पिशवी. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "आक्का, हे तुहंच घर आहे," हे म्हणाले. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "मी कुठंही पडून राहीन."

"स्वयंपाकघरात टाकते तुमची खाट," मी म्हटलं.

"अगं, दक्षिणेची खोली खालीच पडली..." ह्यांनी सुरुवात केली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं हो. ह्यांचं तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात न सांगता ह्यांना काही कळलं असेल तर ते तेव्हा.

उत्तरेच्या भिंतीला लागून खाट टाकली. गादी दिली, दोन दुलया दिल्या, कानटोपी दिली. मी काही कसाई नाही. तिला दमा नाही, बीपी नाही, छाती ठणठणीत आहे, वैद्यकीय तपासणी मी स्वतः नेऊन करून आणली. मरू नये ती. तिनं फक्त झोपावं तिथं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी त्या खोलीत असतो. मी ओट्यापाशी, ती खाटेवर डोक्यावरून शाल घेऊन लसूण सोलत. पंखा आपला आपण फिरतो. बाहेर धुकं असतं, दूधवाल्याची मोटारसायकल खोकते. हरभऱ्याच्या वावरावरून आंबूस वास येतो. मी कान देऊन असते. एकच वाक्य ऐकायचंय मला तिच्या तोंडून, "शोभा, थंडी लागते." त्याच्यावरचं माझं उत्तर तयार आहे. किती हिवाळे भाकरी थापताना मी ते मनात घोळवलंय, एकेक शब्द निवडलाय. पण बाई बोलतच नाही! बोटं आखडतात, लसणाची पाकळी सुटते, खाली वाकून उचलते, पुन्हा सोलते. मला सांगा, मारलेलं समोरच्याला लागलंय की नाही हेच कळत नसेल तर त्या मारण्यात काय राम आहे? मला तिचा आणखीच राग यायला लागला. वाटायचं, हलवावं तिला धरून. म्हणावं, रड की गं एकदा.

परवा तुरीच्या शेंगा आल्या होत्या. मी परात तिच्यापुढं ठेवली. ती सोलत होती. मी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. तेवढ्यात ती माझ्या पाठीमागून बोलली, लसूण-मिठाबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात.

"तुही माय इथंच निजे ना वं? याच भिंतीले?"

माझे हात थांबले. "हाव."

"तिच्यापाशी तं खाटही नव्हती. खाली निजे."

"हाव. फरशीवर."

पंख्याचं एक पातं भिंतीला घासतं, त्याचा आवाज येत राहिला. तिनं शाल हनुवटीखाली ओढली. म्हणाली, "लय थंडी लागली असन तिले. मले आता मालूम पडून राह्यलं."

हेच. हेच तर हवं होतं मला. ह्यासाठीच मी ते भोक सांभाळलं, ह्यासाठी कान फुकट घालवला. आणि आलं तेव्हा मला काही आनंद झाला नाही, दयाही आली नाही. फक्त माय त्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजलेली दिसली, अगदी स्पष्ट. तव्यावरून जळका वास आला. मी भाकर उलटली.

"मंग मले इथं कधीलोक निजा लागते, शोभा?" आक्कानं विचारलं.

"माही माय निजली तितके दिवस."

मला वाटलं आता ती रडेल, भावाला हाक मारेल, निदान तोंड फिरवेल. तिनं शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि सालपट बाजूला ठेवलं.

"बराबर मोजजो मंग," ती म्हणाली. "कमी नोको करू."

"नाही करत," मी म्हटलं.